आधी घोडी, मग स्टॅलियन : ड्रेसाजच्या शिंगरासाठी जोडी कशी जुळवावी

स्टॅलियनचा, म्हणजे पैदाशीच्या नर घोड्यांचा, कॅटलॉग हातात आला की नजर फोटोंवर खिळते. चकचकीत अंग, कमानीसारखी मान, ट्रॉटमध्ये पुढचा पाय पार वर उचललेला. पहिल्यांदाच पैदास करणारा बहुतेक वेळा इथंच चुकतो. तो आधी घोडा पसंत करतो आणि मग आपली घोडी त्याला कशी शोभेल याची कारणं शोधत बसतो. क्रम याच्या उलट हवा. घोडीत काय आहे आणि काय नाही हे आधी कागदावर उतरवायचं, मग त्या कागदाला उत्तर देणारा घोडा शोधायचा.

चालींची नावं आधी सांगतो. वॉक म्हणजे साधी पावलं, चार ठेक्यांची. ट्रॉट म्हणजे दुडकी, दोन ठेक्यांची, त्यात पाय तिरप्या जोडीनं पडतात. कँटर ही तीन ठेक्यांची उडती चाल, आणि प्रत्येक उडीत एक क्षण चारही पाय हवेत. ड्रेसाजमधलं, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर ठरावीक चाली दाखवण्याच्या खेळातलं, वरच्या पातळीचं सगळं काम या तीन चालींवर उभं राहतं.

पायरी 1 : ही घोडी पैदाशीला घ्यायची का?

हा प्रश्न टाळू नका. "घोडी लंगडते, स्वारीला चालत नाही, म्हणून तिच्याकडून शिंगरू घेऊ" हा विचार फार घात करतो. पडल्यामुळे किंवा तारेत अडकल्यामुळे पाय गेला असेल तर तो वारशात जात नाही. पण सांध्यात हाड-कूर्चेचे तुकडे सुटलेले असणं, तरुण वयातच खुराच्या आतल्या हाडाचा त्रास सुरू होणं, उन्हाळ्यात अंगभर खाज सुटणारी ॲलर्जी, माणसावर धावून जाणारा स्वभाव या गोष्टींमागे वंशाचा हात असतो. अशा घोडीला कितीही मोठा स्टॅलियन दिलात तरी निम्मी जनुकं तिचीच येणार.

दुसरी तपासणी गर्भाशयाची. घोडी तरुण असेल आणि आधी नीट व्यायलेली असेल, तर पशुवैद्याकडून अल्ट्रासाउंड, आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा नमुना घेऊन त्याचं कल्चर व पेशींची तपासणी, एवढं बहुधा पुरतं. घोडी 12-14 वर्षांपुढची असेल, किंवा आधी दोन-तीनदा भरवूनही गाभण राहिली नसेल, तर बायॉप्सी करा. बायॉप्सीचे चार दर्जे आहेत : I, IIA, IIB आणि III. दर्जा I मध्ये शिंगरू पूर्ण दिवस भरून जन्मण्याची शक्यता 80 ते 90 टक्के, IIA मध्ये 50 ते 80, IIB मध्ये 10 ते 50, आणि III मध्ये जेमतेम 10. हा अहवाल आधी हातात हवा, कारण कुठल्या प्रकारचं वीर्य परवडेल ते त्यावर ठरतं. IIB च्या घोडीसाठी मोजक्या डोसांचं गोठवलेलं वीर्य विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

पायरी 2 : घोडीचं पान लिहा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. सपाट, कडक जमिनीवर घोडी बाजूनं उभी करून फोटो काढा. कॅमेरा तिच्या पोटाच्या उंचीवर धरा, वरून किंवा खालून नको. मग समोरून आणि मागून एकेक फोटो. त्यानंतर तिन्ही चालींचा व्हिडिओ, शक्यतो मोकळ्या घोडीचा, कारण चांगला स्वार बरेच दोष झाकतो आणि वाईट स्वार नसलेले दोष दाखवतो.

आता रचना कुठली आणि अंगावरची स्थिती कुठली हे वेगळं करा. पाठीवर स्नायू नाहीत, पोट सुटलंय, मान खालून फुगलीय, खूर फाटलेत : यातलं बरंचसं चारा, काम आणि नालबंद यांच्या हातात असतं. मान खांद्यात कुठून निघते, कंबर किती लांब आहे, पुठ्ठा किती उतरता आहे, मागच्या पायाचा हॉक (मधला मोठा सांधा) किती सरळ आहे, पुढचे पाय आत वळलेत की बाहेर, ही रचना. शिंगरात उतरते ती रचना.

वॉक हळू गतीत बघा. मागचा पाय जमिनीला टेकायच्या बेतात असताना त्याच बाजूचा पुढचा पाय उचलला जातो, आणि त्या क्षणी दोन्ही पाय मिळून इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार दिसतो. हा आकार डावीकडे आणि उजवीकडे स्वच्छ दिसला तर चार ठेके शाबूत आहेत. तो दिसत नसेल आणि एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र पुढे जात असतील, तर वॉक उंटासारखा होऊ लागलाय. ड्रेसाजमध्ये हा गंभीर दोष आहे. मागचं खूर पुढच्याच्या ठशापलीकडे किती पडतं तेही मातीत बघा. खूरभर ते दोन खूर पुढे पडलं तर उत्तम. त्याहून खूप लांब टाकणारी घोडी बघायला छान वाटते, पण कलेक्शन, म्हणजे वजन मागे घेऊन आखूड पावलं, मागितलं की अशाच घोड्यांचा वॉक ठेका सोडतो.

ट्रॉटमध्ये पुढच्या पायावरून नजर काढा. चाल रुंदावलेली असताना व्हिडिओ थांबवून पुढच्या पायाची आणि त्याच्या तिरप्या जोडीतल्या मागच्या पायाची नळी बघा. दोन्ही नळ्या साधारण समांतर असाव्यात. पुढचा पाय आभाळात आणि मागचा जमिनीलगत घसटत येत असेल, तर तो नुसता देखावा. मागचा पाय पोटाखाली येतो की शेपटीमागे रेंगाळतो, हॉक आणि गुडघा वाकतात की पाय काठीसारखा फिरतो, हेही लिहा.

कँटर शेवटी बघायचा, पण महत्त्व त्याला पहिलं. ग्रां प्रीच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या, चाचणीत पिरुएट (जवळजवळ जागीच घेतलेली गिरकी) आणि प्रत्येक उडीला पुढे पडणारा पाय बदलणं हे सगळं कँटरमध्येच होतं. उडी वर जाते की पुढे सपाट, मागचा आतला पाय वजन घेतो का, मोकळं धावताना घोडी आपणहून पाय स्वच्छ बदलते का, हे टिपा. ट्रॉट शिकवून बराच सुधारता येतो, कँटर थोडा, वॉक फारच कमी. म्हणून वॉक आणि कँटर जन्मतःच चांगले हवेत.

शेवटी स्वभाव. घोडी आळशी की तापट, घाबरली की थांबते की पळते, नवी गोष्ट किती दिवसांत शिकली. हे तिच्या स्वाराकडून विचारून लिहा, मालकाच्या प्रेमातून नको.

पायरी 3 : एक दोष, फार तर दोन

पान भरलं की त्यावर दहा गोष्टी सुधारण्याजोग्या दिसतील. त्यातल्या एक किंवा दोन निवडा. दहा दोष एका पिढीत पुसणारा घोडा मिळत नाही, आणि तसा शोधत राहिलात तर शेवटी सरासरी घोडा हाती लागतो. जे चांगलं आहे ते राखणं हीसुद्धा निवडच आहे, म्हणून पानाच्या तळाशी "हे जाऊ द्यायचं नाही" असा एक रकाना करा. घोडीचा वॉक सुरेख असेल तर तो तिथं लिहा आणि ज्याची शिंगरं वॉकमध्ये कमी पडतात असा घोडा लगेच यादीतून काढा.

टोकाला टोक लावू नका. बुटक्या पायांच्या घोडीला फार लांब पायांचा घोडा दिला की मध्यम पायांचं शिंगरू येईल हा हिशेब बहुधा चुकतो. गुण सरबतासारखे मिसळत नाहीत. लांब पाय बापाचे, जड पुढा आईचा, अशी जोडही येऊ शकते, आणि तशा शिंगराला स्वतःचा तोल सांभाळणं दोघांपेक्षा कठीण जातं. हॉक फार सरळ असेल तर जास्त वाकलेल्या हॉकचा घोडा नको, बरोबर कोनाचा हवा.

उंचीची धास्ती मात्र थोडी कमी करा. 160 सेंटिमीटरच्या घोडीला 173 चा घोडा दिला तर शिंगरू पोटात अडकेल, असं बरेच जण समजतात. जन्मावेळचं आकारमान मुख्यतः आईच्या गर्भाशयावर ठरतं. वॉल्टन आणि हॅमंड यांनी 1938 साली केंब्रिजमध्ये अवाढव्य शायर आणि चिमुकले शेटलंड यांचा दोन्ही बाजूंनी संकर करून हे दाखवून दिलं. शायर आईच्या पोटचं शिंगरू शेटलंड आईच्या पोटच्या शिंगरापेक्षा जन्मतः जवळपास तिप्पट वजनाचं होतं, जनुकं दोन्हीकडे निम्मी-निम्मी असूनही. उंच घोड्याचा परिणाम नंतर वाढताना दिसतो.

ध्येयही इथंच लिहून टाका. शिंगरू व्यावसायिक स्वारासाठी, की हौशी माणसासाठी? व्यावसायिक स्वाराला तीक्ष्ण, जरा गरम घोडा चालतो, बऱ्याचदा तोच हवा असतो. हौशी स्वारासाठी ट्रॉट अर्धा गुण कमी चालेल, पण पाठीवर बसता आलं पाहिजे आणि डोकं शांत पाहिजे. घोडी आधीच तापट असेल आणि ध्येय हौशी स्वाराचं असेल, तर स्वभाव हाच तो एक दोष. बाकी सगळं त्यानंतर.

पायरी 4 : घोड्याकडे नको, त्याच्या शिंगरांकडे बघा

स्टॅलियन स्वतः कसा चालतो यापेक्षा तो काय देतो याला किंमत आहे. काही घोडे मैदानात चमकले आणि पैदाशीत मध्यम ठरले. काहींनी स्वतः फार मोठं मैदान गाजवलं नाही, पण त्यांच्या पोरांनी गाजवलं. ड्रेसाजमधला ऑलिंपिक विजेता व्हॅलेग्रो खच्ची केलेला होता, त्यामुळे त्याची शिंगरं नाहीतच. तसा घोडा कुठून आला हे शोधायला नेग्रो या त्याच्या बापाकडे आणि त्याच्या मागे फेरोकडे वळावं लागतं.

इथं काळाचं गणित डोक्यात ठेवा. वार्मब्लड (स्वारीच्या खेळांसाठी पैदास केलेल्या युरोपीय जाती) स्टॅलियनची मान्यता, म्हणजे नोंदणी संस्थेकडून पैदाशीची परवानगी, साधारण अडीच वर्षांच्या वयात होते. तिसऱ्या वर्षी तो घोड्या भरवतो, चौथ्या वर्षी त्याची पहिली शिंगरं जन्मतात. ती शिंगरं खोगिराखाली येईपर्यंत बाप सात वर्षांचा होतो, आणि ग्रां प्रीत उतरायला साधारण नऊ-दहा वर्षं धरली तर बाप तेरा-चौदाचा. म्हणजे तरुण स्टॅलियनबद्दल जे बोललं जातं ते बरंचसं अंदाजावर. त्याच्या मान्यतेच्या गुणांची, आईच्या घराण्याची आणि परफॉर्मन्स टेस्टची (त्याच्या स्वतःच्या कामाच्या परीक्षेची) बेरीज करून ठरवलेला तो अंदाज. अंदाज वाईट नाही, पण तो अंदाज आहे हे विसरू नका. पहिल्या शिंगरासाठी, विशेषतः घोडी एकच असेल तर, ज्याची पोरं खोगिराखाली आहेत असा घोडा घ्या.

शिंगरं बघताना एक नियम पाळा : आपल्या घोडीसारख्या घोड्यांची शिंगरं बघा. स्टॅलियन ठेवणारे लोक सर्वोत्तम घोडीचं सर्वोत्तम शिंगरू दाखवतात, ते साहजिकही आहे. तुम्ही दहा-बारा शिंगरं मागा, तीही वेगवेगळ्या आयांची. सगळ्यांत काय सारखं दिसतं ते शोधा. आई कोणीही असो, मान उंचावरून निघते का? मागचा पाय लगबगीनं येतो का? सगळ्यांचा वॉक आखूड आहे का? जे सगळीकडे दिसतं ते बापाचं. एका शिंगरात दिसलेली भन्नाट चाल कदाचित आईची असेल.

लहान शिंगरांच्या ट्रॉटला भुलू नका. उत्तेजित झालेलं तीन आठवड्यांचं कुठलंही पिल्लू तरंगतं. त्याच्याच व्हिडिओतला वॉक आणि कँटर मागा. आणि तीन ते सहा वर्षांची पोरं कशी आहेत हे त्यांच्यावर बसणाऱ्या स्वारांना विचारा. त्यांची पाठ हलते का, तोंड मऊ आहे का, पाचव्या-सहाव्या वर्षी काम अडतं का? सहा वर्षांपर्यंत चमकून पुढे थांबणाऱ्या घोड्यांत बऱ्याचदा वजन मागे घेण्याची ताकदच कमी असते, आणि त्याचं कारण मागच्या पायात किंवा कमरेच्या जोडात सापडतं.

पायरी 5 : आकडे वाचायला शिका

पैदासमूल्य, म्हणजे घोडा आपल्या पोरांना एखादा गुण किती देईल याचा अंदाज, हा उपयोगी आकडा आहे, पण वाचता आला पाहिजे. सरासरी 100 धरलेली असते. त्यापुढे किती वर म्हणजे चांगलं, हे विखुरण्याच्या मापावर (प्रमाण विचलनावर) ठरतं. कुठे एक पायरी 20 गुणांची, कुठे 4 ची. 4 च्या मापावर 108 म्हणजे वरचे दोन-अडीच टक्के घोडे. 20 च्या मापावर तोच 108 अगदी साधारण. दोन नोंदणी संस्थांचे आकडे समोरासमोर ठेवून तुलना करू नका.

त्याच्या शेजारचा विश्वासार्हतेचा टक्का आधी वाचा. 45 टक्क्यांवरचा 140 पुढच्या वर्षी 120 होऊ शकतो. शेकडो पोरांवर आधारलेला 90 टक्क्यांचा 125 सहसा जागचा हलत नाही.

रेषीय वर्णनाच्या पट्ट्या (एकेक गुण दोन टोकांमध्ये कुठे बसतो ते दाखवणाऱ्या) वाचताना नवखे अडखळतात. तिथं 100 च्या उजवीकडे म्हणजे "चांगलं" नव्हे, "जास्त" एवढाच अर्थ. मान लांब, पुठ्ठा उतरता, हॉक वाकलेला. तुमच्या घोडीचा पुठ्ठा आधीच खूप उतरता असेल तर त्या ओळीत उजवीकडे गेलेला घोडा तुमच्यासाठी चुकीचा, त्याचा एकूण आकडा कितीही मोठा असो. घोडीच्या पानातल्या दोन ओळी निवडा आणि पट्ट्यांत फक्त त्या दोन ओळी शोधा. एकूण आकडा शेवटी बघा.

मैदानातल्या निकालांवरून काढलेले आकडे सगळ्यांत सावध वाचा. उंची आणि रचना वारशात बऱ्यापैकी उतरतात, चाली मध्यम, स्पर्धेतलं यश कमी, कारण त्यात स्वार, शिक्षण, पैसा आणि निरोगी राहण्याचं नशीब मिसळलेलं असतं.

पायरी 6 : वंशावळ, आणि रक्ताची जवळीक

वंशावळीत बापाच्या ओळीवरच सगळ्यांची नजर जाते. तुम्ही स्टॅलियनच्या आईकडे बघा. त्या घोडीनं आणि तिच्या बहिणींनी आणखी काय दिलं? एकच चमकता भाऊ आणि बाकी घर रिकामं, की तीन पिढ्या सातत्यानं ड्रेसाजचे घोडे? सातत्य असलेलं घराणं अंदाज बांधायला सोपं जातं.

काही जोड्या वारंवार जमलेल्या दिसतात. डोनरहाल (जन्म 1981) हा स्टॅलियन आणि पिक बुबे या स्टॅलियनच्या मुली ही अशीच एक जोडी. डॉन शुफ्रो हा स्टॅलियन याच जोडीतला, आणि त्याची मुलगी वाइहेगोल्ड 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य घेऊन आली. ट्राकेनर या जर्मन जातीच्या रक्ताचं उदाहरण ग्रिबाल्डी या स्टॅलियनचं : टोटिलास त्याचा मुलगा, आणि टोकियो व पॅरिस ऑलिंपिकची सुवर्णविजेती डालेरा त्याची नात. अशा जोड्या दिशा दाखवतात. मात्र "माझ्या घोडीत पिक बुबे आहे, म्हणून जमेलच" असं नाही. सहाव्या पिढीतला तो घोडा तुमच्या घोडीत जेमतेम दीड टक्का उरलेला असतो.

जड, शांत, जुन्या धाटणीच्या घोडीला थोडं "रक्त" द्यायचं, म्हणजे थरोब्रेड, अरब किंवा ट्राकेनर अंश असलेला घोडा बघायचा. घोडी आधीच हलकी, बारीक हाडांची, गरम असेल तर उलट.

रक्ताची जवळीक मोजणं सोपं आहे. दोन्ही बाजूंना एकच घोडा कितव्या पिढीत आहे ते शोधा, आई-बाप म्हणजे पहिली पिढी. दोन्हीकडे दुसऱ्या पिढीत तोच आजोबा असेल तर गुणांक 12.5 टक्के. दोन्हीकडे तिसऱ्या पिढीत असेल तर 3.125, दोन्हीकडे चौथ्या पिढीत असेल तर 0.78. नवख्यानं 12.5 च्या जवळ जाऊ नये. 3 च्या आसपास चालतं, पण तो सामाईक घोडा दोषमुक्त आहे याची खात्री हवी, कारण त्याचे दोषही दोन्हीकडून येतील. लोकप्रिय स्टॅलियन एवढे वापरले गेलेत की एकच नाव तीन-चार ठिकाणी सापडणं सर्रास आहे. मग प्रत्येक ठिकाणची टक्केवारी वेगळी काढून बेरीज करा.

पायरी 7 : नाजूक शिंगरू सिंड्रोमची चाचणी

ही चाचणी टाळू नका. वार्मब्लड घोड्यांत डब्ल्यूएफएफएस नावाचा जनुकीय दोष आहे. त्यात त्वचा आणि सांध्यांना धरून ठेवणारं कोलॅजन नीट बनत नाही. असं शिंगरू पोटातच जातं, किंवा जन्मताच त्याची कातडी फाटते आणि सांधे सुटे पडतात. त्याला वाचवता येत नाही. दोष मागे राहणारा आहे : एकच प्रत असलेला घोडा पूर्ण निरोगी असतो, त्याला वाहक म्हणतात. वाहक आणि वाहक एकत्र आले तर दर चार शिंगरांमागे एकाला रोग. वार्मब्लडमध्ये साधारण दहातला एक घोडा वाहक निघतो.

चाचणीसाठी मुळांसकट उपटलेले आयाळीचे 30-40 केस पुरतात. आधी घोडीची करा. ती स्वच्छ असेल तर वाहक स्टॅलियनही वापरता येतो, रोगी शिंगरू होणार नाही. निम्मी शिंगरं वाहक निघतील एवढंच, आणि विकताना ते सांगणं तुमचं कर्तव्य. घोडी वाहक असेल तर फक्त स्वच्छ घोडा, अपवाद नाही.

याशिवाय स्टॅलियनच्या सांध्यांचा एक्स-रे अहवाल मागा. ताजं किंवा थंड वीर्य वापरणार असाल तर लैंगिक संसर्गाच्या आणि विषाणूजन्य आर्टेरायटिसच्या तपासण्या चालू हंगामातल्या आहेत का ते विचारा.

एक जोडी सोडवून बघू

समजा घोडी नऊ वर्षांची, 163 सेंटिमीटर, स्वभावानं शांत आणि जरा मंद. वॉक 8, ट्रॉट 6.5, कँटर 7. पाठ भक्कम, पाय जरा आखूड, मान खालून निघते, मागचा पाय उशिरा उचलतो. सुधारायचं : मागच्या पायाची लगबग आणि मानेची जागा. जाऊ द्यायचं नाही : वॉक, शांत डोकं.

पहिला उमेदवार तीन वर्षांचा, मान्यतेच्या वेळी गाजलेला, अफाट ट्रॉट, शिंगरू एकही नाही. दुसरा पंधरा वर्षांचा, त्याची पोरं ग्रां प्रीत. पोरांची मान उंचावर, मागचा पाय चपळ, वॉक सरासरी, स्वभाव थोडा तीक्ष्ण पण कामसू, आणि डब्ल्यूएफएफएसचा वाहक. तिसरा स्वतः ग्रां प्रीचा घोडा, 172 सेंटिमीटर, पियाफमध्ये (जागच्या जागी ट्रॉट) अप्रतिम, पण पोरांचा वॉक आखूड आणि कधीकधी एका बाजूचा.

तिसरा पहिल्या फटक्यात बाद, कारण तो घोडीची सगळ्यात मोठी ठेव मोडतो. पहिल्याबद्दल आपल्या दोन ओळींवर काहीच माहिती नाही, आहे ती ट्रॉटबद्दल, आणि ट्रॉट यादीत नाही. दुसरा बसतो. तीक्ष्ण स्वभाव इथं मंद घोडीला उपकारक. मात्र आधी घोडीचा डब्ल्यूएफएफएस अहवाल स्वच्छ यायला हवा. ती वाहक निघाली तर शोध पुन्हा पायरी 4 पासून.

पायरी 8 : कागद आणि करार

निवडलेला घोडा तुमच्या घोडीच्या नोंदणी संस्थेत मान्य आहे का, हे लेखी विचारा. एका संस्थेत मान्य असलेला घोडा दुसरीत नसू शकतो. तसं झालं तर शिंगराला पूर्ण कागद मिळत नाहीत, आणि पुढे त्याची पैदास आणि विक्री दोन्ही अडतात. घोडीची नोंद कुठल्या वर्गात आहे तेही तपासा, कारण वरच्या वर्गात जाण्यासाठी तिची स्वतःची तपासणी बाकी असू शकते.

करारात चार गोष्टी शोधा. नोंदणीचे पैसे परत मिळतात का. उरलेली रक्कम कधी द्यायची : घोडी गाभण ठरल्यावर, की ठरलेल्या तारखेला. "जिवंत शिंगराची हमी" म्हणजे नेमकं काय : उभं राहून दूध प्यायलं की झालं, की ठरावीक तास जगलं पाहिजे. आणि घोडी राहिली नाही तर पुढच्या हंगामात तोच घोडा मिळेल की दुसराही चालेल. गोठवलेलं वीर्य बऱ्याचदा डोसावर विकलं जातं, हमीशिवाय.

पायरी 9 : वीर्याचा प्रकार

निवड इथं कितीदा तरी उलटते, म्हणून हा विचार शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. थंड वीर्य 5 अंश सेल्सिअसला ठेवून पाठवतात, साधारण 24 ते 48 तास टिकतं, आणि डोसात भरवायच्या वेळी पुढे पोहणारे किमान 50 कोटी शुक्राणू असावेत अशी अपेक्षा असते. घोडा कुठल्या वारी वीर्य देतो आणि मागणी किती वाजेपर्यंत घेतात हे आधी लिहून ठेवा. घोडी शनिवारी पिकली आणि पुढचं पार्सल मंगळवारी, असं झालं की एक माज वाया.

गोठवलेलं वीर्य जगात कुठूनही येतं, पण घोडीच्या आत फार कमी वेळ जगतं. अंडं सुटण्यापूर्वी 12 तास ते सुटल्यावर 6 तास एवढीच खिडकी. म्हणजे शेवटच्या टप्प्यात पशुवैद्यानं दर सहा-आठ तासांनी स्कॅन करायचा. डोसात वितळवल्यानंतर पुढे पोहणारे 25 कोटी शुक्राणू आणि किमान 30-35 टक्के हालचाल असावी. "एक डोस" म्हणजे किती नळ्या, हे घोड्यागणिक बदलतं. नळ्यांची संख्या आणि हालचालीचा टक्का दोन्ही विचारा. वय झालेली, पहिलटकर किंवा आत पाणी साचणारी घोडी असेल तर गोठवलेलं टाळा आणि थंड वीर्य देणारा दुसऱ्या क्रमांकाचा घोडा घ्या.

घोडीचं चक्र 21 दिवसांचं, त्यात माज पाच ते सात दिवस. अंडाशयावरचं अंड्याचं पुटक 35 मिलिमीटरच्या पुढे गेलं आणि गर्भाशयाला सूज दिसली की अंडं सोडवणारं इंजेक्शन देतात. त्यानंतर 36 ते 48 तासांत अंडं सुटतं. भरवल्यानंतर दुसऱ्या दिवशी स्कॅन करून आत पाणी राहिलं नाही ना हे बघायला लावा. पाणी राहिलं तर तिथंच उपाय करायचा असतो. 14 ते 16 व्या दिवशी गर्भाची तपासणी करा आणि जुळं आहे का हे मुद्दाम शोधायला सांगा. या वेळी एक पिशवी दाबून काढता येते. घोडी दोन शिंगरं क्वचितच पोसू शकते, आणि उशीर झाला तर दोन्ही जातात. हृदयाचे ठोके 25 ते 28 व्या दिवशी दिसतात. तेव्हाचा स्कॅन चुकवू नका, कारण 35 व्या दिवसानंतर गर्भ गेला तरी घोडी लवकर माजावर येत नाही आणि हंगाम निसटतो.

दोन माज रिकामे गेले तर तिसऱ्याआधी थांबा. गर्भाशयाचा नमुना पुन्हा तपासा, आणि त्या स्टॅलियननं या हंगामात बाकीच्या घोड्यांत कसं केलंय ते विचारा. दोष दरवेळी घोडीचाच नसतो.

गर्भकाळ सरासरी 340 दिवसांचा, 320 ते 365 पर्यंत चालतो. शिंगरू आलं की त्याचे फोटो आणि चालींचे व्हिडिओ तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात घ्या. मधल्या वाढीच्या काळात पुढा आणि पुठ्ठा आळीपाळीनं वर जातात, तेव्हा मत बनवू नका. पुढचा निवाडा तिसऱ्या वर्षी. घोडीच्या त्याच पानावर, निवडलेल्या दोन ओळींसमोर, काय बदललं आणि काय नाही ते लिहा. पुढच्या वेळी कॅटलॉग उघडण्याआधी ते पान उघडा.